ठोकून बघणं

एल आल्तोच्या दवाखान्यात तळघर आहे.
समुद्रापासून चार हजार मीटर वर,
तरी त्याला तळघरच म्हणायचं.
तिथे माझं टेबल, टेबलावर पाच पंप,
सगळे दुसऱ्या देशांत राबून म्हातारे होऊन आलेले.
एकाच्या पडद्यावर अजून जर्मन अक्षरं उमटतात.
सिस्टर बेनेदिक्ता त्याला पाहुणा म्हणते
आणि त्याच्याशी आयमारात भांडते.

पाहुणा उगाच ओरडतो, ही तिची तक्रार.
नळीत हवा! नळीत हवा!
एका रात्रीत अकरा वेळा.
इथली हवा मुळात विरळ.
फ्रीजमधून काढलेली सलाइनची पिशवी
खोलीतली ऊब लागली की घाम फुटल्यासारखी
बारीक बुडबुडे सोडते, मोहरीएवढे.
बेनेदिक्ता नळीला टिचकी मारते, ते वर जातात.
पुन्हा येतात. पुन्हा बोंब.

"विल्मर, याचा कान तेवढा बंद करून टाक," ती म्हणाली.
सोळा तास उभी होती ती.
मी स्क्रूड्रायव्हर उचलला होता,
खोटं कशाला बोलू.

त्याचा कान म्हणजे दोन चकत्या,
नळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक.
एक बोलते, दुसरी ऐकते.
इतकं बारीक बोलणं की कुत्र्याचेही कान टवकारू नयेत.
मध्ये पाणी असलं की शब्द पोचतो,
हवा आली की अडतो.
एवढीच त्याची अक्कल:
पलीकडून काही ऐकू आलं नाही
की थांबायचं, आणि ओरडायचं.

माझा बाप वानूनीच्या खाणीत कथील काढायचा.
प्रत्येक पाळीला आधी पहारीनं छत ठोकायचा.
खणखणीत वाजलं तर पुढे,
भदभद वाजलं तर सगळ्यांनी मागे.
बहुतेक वेळा काहीच पडायचं नाही.
लोक त्याला सुतारपक्षी म्हणायचे,
याच्यापायी दिवसाची मजुरी बुडते म्हणायचे.
म्हणणाऱ्यांपैकी तिघांना
पुढे त्यानंच खांदा दिला.

मी स्क्रूड्रायव्हर वापरला, पण कान उघडायला.
आत साखरेचा पातळ पापुद्रा,
कधीतरी सांडलेलं, वाळलेलं ग्लुकोज.
बिचारा पाकातून ऐकत होता इतके दिवस.
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं,
भरलेली नळी लावली, मग रिकामी, मग भरलेली,
असं चाळीस वेळा.
वर जाऊन सांगितलं, पिशव्या दोन तास आधी बाहेर काढा,
जे फुगे सुटायचे ते टांगण्याआधी सुटू देत.
बेनेदिक्ता म्हणाली, बरं.
तिच्या 'बरं'चा अर्थ मला अजून कळलेला नाही.

गुरुवारी सकाळी पाहुण्याची नोंदवही वाचली.
रात्रभर एकही ओळ नाही.
मग तीन वाजून बारा मिनिटं: हवा. पंप थांबला.
खाट चार, लिस्बेत, वय सात,
तीन दिवस जुलाबांनी सुकलेली.
पिशवीखालचा जोड सैल झाला होता
आणि पंप इमानानं ओढत होता,
पाणी नाही तर हवा.
बोटभर लांबीची पोकळी, बेनेदिक्ता सांगते,
आणि स्वतःचं बोट दाखवते.
तिनं चिमटा लावला, नळी बदलली,
पोरीचा हात पांघरुणात घातला.
पोर जागीसुद्धा झाली नाही.
तिच्या आईला कुणी काही सांगितलं नाही.
सांगण्यासारखं काय होतं?
काही झालं नव्हतं.

रविवारी बापानं विचारलं,
नक्की काय करतोस तू त्या दवाखान्यात?
म्हटलं, ठोकून बघतो.
तो बराच वेळ खोकला. मग हसला असावा.

टेबलावर अजून चार आहेत.
त्यांतला एक, कोपऱ्यातला,
महिनाभरात एकदाही ओरडलेला नाही.
सगळे त्याची तारीफ करतात.
आज आधी तोच उघडणार आहे.